सिंदीचा तान्हा पोळा आणि ताटातली ज्वारी

श्रावणी अमावास्येचा पोळा उलटला की दुसऱ्या दिवशी वर्धा जिल्ह्यातील सिंदी (रेल्वे) या गावी लाकडी बैलांचे राज्य सुरू होते. भाद्रपद शुद्ध प्रतिपदेचा हा तान्हा पोळा मुलांचा. काखोटीला मारता येईल अशा चिमुकल्या बैलापासून चाकांच्या गाड्यावर उभा करून चारचौघांनी ओढावा लागणाऱ्या नंदीपर्यंत नाना आकाराचे बैल रस्त्यावर उतरतात. त्यांच्या शिंगांना बेगड असते, पाठीवर झूल असते, गळ्यात घुंगरमाळा असतात. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसऱ्या रघुजीराजांनी १८०६ साली हा सण सुरू केला असे परंपरा सांगते. पूर्व विदर्भात तो गावोगाव साजरा होतो, परंतु सिंदीच्या तान्ह्या पोळ्याचा थाट काही वेगळाच मानला जातो आणि तो पाहायला परगावची माणसे मुद्दाम येतात.

या दिवशी मुले आपला बैल घेऊन घरोघर जातात. घरची बाई त्या लाकडाच्या बैलाला कुंकू लावते, ओवाळते आणि मुलाच्या हातावर बोजारा ठेवते. बोजारा म्हणजे खाऊ किंवा पैसे, किंवा दोन्ही. आदल्या दिवशीच्या पुरणपोळ्यांचा वास अजून स्वयंपाकघरातून गेलेला नसतो. पुरणाची शिळी पोळी ताजीपेक्षा सरस लागते, असे मानणारा एक पंथ विदर्भात आहे आणि त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. वऱ्हाड-नागपुराकडची ही पोळी पातळ पापुद्र्याची नसते. तिच्यात काठापर्यंत पुरण भरलेले असते आणि ती तुपाच्या वाटीत बुडवूनच खायची असते. सोबत कढी, वडे, भजी आणि पावसाळी भाजी.

मात्र या पोळीचा पहिला घास माणसाचा नव्हे. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे हळद आणि तूप लावून शेकले जातात, त्याला रीतसर जेवणाचे आवतण दिले जाते, आणि पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून परतलेला बैल दारात आला की पुरणपोळीचा मान प्रथम त्याचा. मग सालदाराचे पान वाढायचे, आणि घरच्यांचे त्यानंतर. वर्षभर राबलेल्याला आधी वाढावे हा त्या क्रमाचा अर्थ होता. आज सिंदीच्याच नव्हे तर साऱ्या जिल्ह्याच्या शिवारात मशागतीचे बहुतेक काम ट्रॅक्टर करतो. लाकडी बैलाचा डौल वाढत गेला, दावणीचे बैल मात्र घटत गेले. वर्धा जिल्हा ज्या चपळ, पांढऱ्या-राखी गवळाऊ जातीच्या गुरांचे घर म्हणून ओळखला जातो, त्या जिल्ह्यात पुरणाचा घास भरवायला बैल शोधत शेजाऱ्याच्या गोठ्यात जावे लागावे, ही काही क्षुल्लक गोष्ट नाही. पोळी तीच राहिली, तूपही राहिले. पहिला घास घेणारा मात्र गेला.

सणासुदीच्या खाण्याविषयी लिहिताना आठवणींनी गहिवरून जाण्याची आपल्याकडे रीत आहे. आजीच्या हातची चव आता राहिली नाही, असे म्हणून लेख संपतो. परंतु चव केवळ हातात नसते. ती शेतात, गोठ्यात आणि बाजारातही असते. सिंदीसारख्या गावातील ऋतूंचे खाणे का बदलले, याचा शोध घ्यायचा तर चुलीपाशी न थांबता बांधापर्यंत, म्हणजे तिकडच्या भाषेत धुऱ्यापर्यंत, जावे लागते.

गावाच्या नावापुढे कंसात लागलेला ‘रेल्वे’ हा शब्द याच इतिहासाचा भाग आहे. वर्धा जिल्ह्यात सिंदी नावाची दुसरीही वस्ती असल्याने ओळखीसाठी तो उपयोगी पडतो. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वर्ध्यावरून नागपूरला पोहोचला तो १८६७ साली. या रेल्वेने वर्धा खोऱ्यातील कापूस मुंबईच्या बंदराकडे नेला आणि हा सारा मुलूख नगदी पिकाच्या दावणीला बांधला गेला. तरीही पुढची शंभर वर्षे कास्तकाराने एक व्यवहार सांभाळला होता: पऱ्हाटी बाजारासाठी, ज्वारी घरासाठी आणि तूर दोहोंसाठी. कपाशीच्या ओळींमध्ये तुरीची तासे असत आणि कडेने अंबाडी पेरलेली असे. ज्वारीचा दाणा माणसाच्या ताटात जाई आणि कडबा बैलाच्या गव्हाणीत. अंबाडीचा तर आणखीच बहुगुणी संसार. पावसाळ्यात तिचा आंबट पाला ज्वारीच्या कण्यांबरोबर शिजे आणि वर लसणाची चरचरीत फोडणी पडे; पुढे तिच्या लाल बोंडांची चटणी होई; आणि उरलेल्या दांड्यांचा वाख काढून त्याचे दोर वळत. भांड्यातली भाजी आणि बैलाचे दावे एकाच झाडापासून येई. आता दावे नायलॉनचे असते.

ज्वारी या प्रदेशात केवळ रोजची भाकर नव्हती. नागपंचमीला तिच्या लाह्या लागत. भाद्रपदात महालक्ष्म्या बसल्या की सोळा भाज्या आणि पक्वान्ने यांच्या पंक्तीत ज्वारीची आंबील असल्याखेरीज नैवेद्य पुरा होत नसे. ताकात आंबवलेल्या पिठाची ही साधी पेज पुरणपोळीच्या शेजारी त्याच मानाने वाढली जाई. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुलींची भुलाबाई चाले. तिला बसवायला शेतातून ज्वारीचे धांडे आणून त्यांची खोपी उभारत. आणि भुलाबाईची गाणी संपली की जो खेळ होई, त्यात या भागातील खाद्यसंस्कृतीचे मर्मच दडलेले होते. ज्या घरी गाणी झाली त्या घरच्या मुलीने झाकलेल्या डब्यात काय आहे ते इतरांनी ओळखायचे. गोड की तिखट, ओले की सुके, तळलेले की भाजलेले, अशी चौकशी चालायची, आणि कोणालाच ओळखता आले नाही तर त्या घरच्या आईचा केवढा विजय! मूठभर फुटाणे किंवा वाटीभर खिरापत एवढाच तो ऐवज. परंतु तो मिळण्यापूर्वी अर्धा घटका त्याविषयी बोलायचे असे.

अशी वाट पाहायला लावणे हा सगळ्याच ऋतुमानी खाण्याचा गाभा होता. झाडावर कैऱ्या लागलेल्या असत, बाजारात आंबाही आलेला असे, पण अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरून त्यांना पान दाखविल्याशिवाय अनेक घरांत कोणी आंब्याला हात लावीत नसे. त्या दिवशीच्या ताटात चिंचोणी, कुरडया, पापड, आंब्याचा रस. एकदा तो दिवस गेला की मग आमरसाला धरबंध नसे, आणि त्याच्या जोडीला सरगुंडे येत. विदर्भाबाहेरच्या वाचकाला सरगुंडे म्हणजे काय ते सांगायला हवे. गव्हाच्या कणकेची घट्ट पट्टी बारीक काडीभोवती गुंडाळायची, अलगद सोडवून घ्यायची आणि उन्हात वाळवायची. पाहुणे आले, जावई आला की ती उकडायची आणि आमरसात घालून खायची. फाल्गुन-चैत्राच्या दुपारी ओसरीवर चारपाच बायका काड्या घेऊन बसल्या म्हणजे घरात लग्न आहे किंवा लेक माहेरी यायची आहे, हे गल्लीला न सांगता कळे. शेवया, मुगवड्या, सांडगे, कुरडया यांची हीच वेळ. उन्हाळा तापदायक खरा, पण वैदर्भीय बायकांनी त्या उन्हालाही कामाला लावले होते.

पहिल्या सरींनंतर बांधावर उगवणारी तरोट्याची कोवळी पाने, धोप्याच्या पानांच्या वड्या, आषाढातली तळणे, पळसाच्या पानांत लपेटून गोवऱ्यांच्या विस्तवावर भाजलेले पानगे, हिवाळ्यातल्या तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, गोळाभात आणि त्यावर ओतलेले कडकडीत तेल, माघ-फाल्गुनातला हरभऱ्याचा हुळा, अशी ही यादी कितीही लांबवता येईल. परंतु हुरड्यापाशी थांबावेच लागते.

हुरड्यासाठी या भागात ‘वाणी’ नावाची ज्वारी वेगळी पेरली जात असे. शेताच्या एखाद्या कोपऱ्यात तिची दोनचार तासे असत. तिचा दाणा गोड, आणि भाजलेले कणीस हातावर चोळले की तो तुसापासून चटकन सुटतो. दिवाळी मागे पडून सकाळचा गारवा अंगाला जाणवू लागला की कणसे चिकात येत. ही अवस्था आठदहा दिवसांची. आधी दाण्यात नुसते दूध, नंतर दाणा टणक. त्या मोजक्या दिवसांत शेतात आगटी पेटे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे खुपसली जात, आणि चोळून फुंकलेला वाफाळता हिरवा दाणा तळहातावर पडे. सोबत जवसाची किंवा लसूण-मिरचीची चटणी, गूळ, दही, निखाऱ्यात भाजलेले वांगे. हुरड्याला कोणी घरी बसून खात नसे. शेतावर जाणे हाच त्यातला अर्धा आनंद होता. गावातले मास्तर, स्टेशनवरचे बाबू, पोस्टातले कारकून यांना कास्तकाराकडून हुरड्याचे बोलावणे येई आणि वर्षातून एकदा तरी लेखणीवाला आणि नांगरवाला एकाच आगटीभोवती बसत.

या रसिकतेच्या नेमकी उलट दिशा वाटावी असा एक विचार याच जिल्ह्याने जगाला दिला, हा एक मौजेचा योग. १९३६ साली गांधीजी शेगावला, म्हणजे आजच्या सेवाग्रामला, राहायला आले. त्यापूर्वी १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन होऊन वर्ध्याच्या मगनवाडीत त्याचे काम सुरू झाले होते. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल, गूळ आणि गावात उगवणारा पालेभाजा यांचा पुरस्कार मगनवाडीने केला. आश्रमाच्या एकादश व्रतांत ‘अस्वाद’ हे एक व्रत होतेच. अन्न जिभेच्या सुखासाठी नव्हे, तर औषधासारखे देहधारणेसाठी घ्यावे, हा त्याचा आशय. जवळच्या गावात हुरड्याच्या आगट्या पेटत असताना आश्रमाच्या पंगतीत मिठाचाही विचार होत असे.

पण हा विरोध दिसतो तितका खरा आहे काय? कास्तकाराच्या घरी वर्षाचे जे तीनशेहून अधिक दिवस भाकरी, वरण आणि चटणी यांवर निघत, ते कोणत्याही व्रताविना अस्वादाचेच होते. पंचांगाने त्याला नेमके काही दिवस मोकळे करून दिले होते, आणि त्या दिवशी त्याने हात आखडता घेऊ नये अशी अपेक्षा होती. व्रताने जो संयम आश्रमाने साधू पाहिला, तो गावाने ऋतूंवर सोपविला होता. आश्रमाचा आणि गावाचा आहार एका बाबतीत तर पूर्ण एकमताचा होता: जे शिवारात पिकते तेच खावे.

याच मगनवाडीत १९३५ साली गांधीजींनी एका नव्या धान्याचा प्रयोग केला. ते धान्य म्हणजे सोयाबीन. मगनवाडीतील मंडळींच्या जेवणात ते नियमाने घालण्यात आले आणि ‘हरिजन’ पत्रात त्याविषयी लिहिले गेले. गरिबाला स्वस्त आणि सकस अन्न मिळावे एवढाच हेतू होता. पुढे अर्धे शतक लोटल्यावर सोयाबीन वर्धा जिल्ह्यात खरोखरच आले आणि आज पावसाळ्यात आगगाडीच्या खिडकीतून कपाशीखालोखाल तेच दिसते. फरक इतकाच की, ते कोणाच्या चुलीवर चढत नाही. पोत्यांत भरून ते बाजार समितीत जाते, तेथून तेलगिरणीत. तेल शहरात जाते आणि पेंड कोंबड्यांना, कित्येकदा परदेशातल्या कोंबड्यांनाही. शेतभर धान्य आहे, पण पेरणाऱ्याच्या घरात मूठभरही नाही, असे धान्य या मुलखाने यापूर्वी पाहिले नव्हते. कापूस निदान खाण्याचा पदार्थ म्हणून मिरवत तरी नव्हता.

ज्वारी गेली ती कोणाच्या चैनीने नव्हे, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. सोयाबीन शंभर-एकशेदहा दिवसांत हाती येते आणि दसरा-दिवाळीच्या तोंडावर रोख पैसा देते. ज्वारीचे कणीस परतीच्या पावसात सापडले की दाणा काळा पडतो आणि भाव कोसळतो. पाखरे राखायला माळ्यावर बसणारे माणूस मिळत नाही. रानडुकरे आणि रोही रात्रीत शेत आडवे करतात, आणि शिवारात एकट्याचीच ज्वारी असेल तर सगळी पाखरे त्याच्याच वाट्याला येतात. म्हणून एकाने सोडली की शेजाऱ्यालाही सोडावी लागते. ट्रॅक्टर आल्यावर बैल कमी झाले, बैल नाहीत तर कडबा कशाला, आणि कडबा नको तर ज्वारीचा निम्मा फायदाच संपला. उलट बाजूने पाहिले तर ज्वारी नाही म्हणून कडबा विकत, कडबा विकत म्हणून बैल परवडत नाही. यांपैकी आधी काय गेले हे सांगणे अवघड आहे. शिवाय स्वस्त धान्य दुकानातून गहू आणि तांदूळ मिळू लागले. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने ते हक्काचे झाले. त्याने घरांतली उपासमार हटली. तिथे भाकरीच्या आठवणीने उसासे टाकणे हे पोट भरलेल्याचे लक्षण ठरेल.

जुन्या दिवसांचे गोडवे गाताना हेही ध्यानात ठेवायला हवे की, पुरणपोळी दुर्मिळ होती कारण गहू दुर्मिळ होता. १९७२ च्या दुष्काळात याच महाराष्ट्राने परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रांगेत उभे राहून घेतली आणि तिच्या भाकरी घशाखाली उतरवल्या. त्या पिढीला ज्वारी म्हटले की हुरडा आठवतोच असे नाही. पोळ्याच्या दिवशी पंगतीला बसणारा सालदार वर्षभर कोणत्या पानावर जेवत होता, आणि गावकुसाबाहेरच्या वस्तीला सणाचे अन्न कसे आणि कुठे उभे राहून घ्यावे लागे, हा प्रश्न आठवणींच्या लेखांत सहसा येत नाही. आणि त्या चवदार सरगुंड्यांसाठी, पाट्यावर वाटलेल्या त्या पुरणासाठी ज्यांचे खांदे दुखत, त्यांच्या खांदेशेकणीचा सण पंचांगात कोणी घातला नाही.

म्हणून जुने सगळे परत यावे असे म्हणण्यात स्वारस्य नाही. बचत गटांच्या बायका आज कुरडया आणि सरगुंडे करून पाकिटांत विकतात आणि त्या कष्टाचे त्यांना दाम मिळते, ही सुधारणाच आहे. खटकते ते वेगळेच. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून पाळले. ज्वारीला ‘श्रीअन्न’ असे भारदस्त नाव मिळाले, तिची बिस्किटे निघाली, आणि मोठ्या शहरांत ज्वारीचे पीठ गव्हाच्या पिठाहून महाग झाले. हुरडाही शहराबाहेरच्या शेतांवर माणशी दर आकारून मिळू लागला. त्यात बैलगाडीची फेरी असते आणि छायाचित्रेही निघतात. ज्वारी मेली नाही. ती ज्यांची होती त्यांच्या ताटातून उठून ज्यांना परवडते त्यांच्या ताटात गेली. सिंदीच्या एखाद्या घरी महालक्ष्म्यांच्या आंबिलीसाठी आज अर्धा किलो ज्वारीचे पीठ दुकानातून आणावे लागते, आणि त्या घराच्या मालकीची शेती पाच एकर असते.

सिंदीच्या शिवारापर्यंत आता मोठ्या योजना आल्या आहेत. कोरड्या बंदराची योजना याच परिसरातली. जवळून समृद्धी महामार्ग जातो. १८६७ च्या रेल्वेने कापूस नेला, पुढच्या वाहतुकीने काय काय जाईल आणि येईल ते दिसेलच. परंतु गावाने आपल्या पानात काय वाढावे हे ठरविण्याइतकी जागा धुऱ्यावर अजून शिल्लक आहे. कृषी विद्यापीठे हुरड्याच्या ज्वारीचे वाण काढतात. गावात ते मोठ्या प्रमाणावर कोणी पेरावे अशी अपेक्षा नाही. पण दहा-वीस कास्तकारांनी ठरवून एकाच पट्ट्यात सोयाबीनच्या कडेला चारचार तासे ज्वारीची आणि एक ओळ अंबाडीची टाकली, तर पाखरांचे नुकसान वाटले जाते आणि घरची आंबील घरच्या पिठाची होते. शाळेच्या पोषण आहारात मुख्यतः तांदूळच शिजतो. वर्षातून पाचदहा दिवस त्या पातेल्यात ज्वारीच्या कण्या आणि अंबाडीची भाजी शिजली, तर ती शिकविण्यासाठी वेगळा धडा लागणार नाही. गुरुजींना फक्त गावातून धान्य गोळा करावे लागेल. हे काम सरकारी परिपत्रकाची वाट न पाहताही होण्यासारखे आहे.

तान्ह्या पोळ्याची मिरवणूक संध्याकाळी पांगते. ज्या पळसाच्या फांद्या आदल्या दिवशी दाराशी लावल्या होत्या, त्या रोगराई नेण्यासाठी सकाळीच गावाबाहेर टाकून झालेल्या असतात. थकलेली मुले घरी येऊन बोजारा मोजतात: नाणी, नोटा, चकचकीत कागदातली चॉकलेटे, एखाद्या घरची करंजी. लाकडी बैलाची झूल काढली जाते, शिंगांवरचे बेगड जपून ठेवले जाते आणि तो पुढच्या वर्षापर्यंत माळ्यावर चढतो. त्याला गव्हाण लागत नाही. आठवड्यावर गौरी-गणपती आलेले असतात, आणि स्वयंपाकघरातून आंबिलीसाठी पिठाची चौकशी सुरू होते.